शीर्षकातून खोडलेले तीन शब्द

पीएच.डी.साठी मी पहिल्यांदा जो संशोधन आराखडा लिहून नेला, त्याचे शीर्षक 'कोल्हापूरची संगीत रंगभूमी : एक चिकित्सक अभ्यास' असे होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी ती पाने शेवटपर्यंत वाचली, टेबलावरचे लाल पेन उचलले आणि शीर्षकातल्या शेवटच्या तीन शब्दांवर आडवी रेघ ओढली. मग म्हणाले, "आता जे उरले आहे ते पुन्हा वाचा. हा विषय झाला. यात तुमचा प्रश्न कुठे आहे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. कनिष्ठ महाविद्यालयात बारा वर्षे इतिहास शिकवूनही विषय वेगळा आणि प्रश्न वेगळा, हे तोवर मला कोणी इतक्या स्पष्टपणे दाखवून दिले नव्हते.

त्या गोष्टीला आता तीन वर्षे होऊन गेली. शिवाजी विद्यापीठात इतिहास विषयाची अर्धवेळ संशोधक म्हणून माझी नोंदणी आहे आणि नोकरी सांभाळून हे काम चालू आहे. कला शाखेत पीएच.डी. करणे म्हणजे नेमके काय करणे, असे विचारणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांत माझ्या विद्यार्थिनी असतात, शिक्षक सहकारी असतात, लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही असतात. प्रयोगशाळा नाही, यंत्रे नाहीत, मग इतकी वर्षे तुम्ही करता तरी काय, हा त्यांचा प्रश्न मला मुळीच गैर वाटत नाही. त्याचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यावरची अक्षरे, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, गणेशोत्सवात तरुण मंडळांचे फलक, अशा कामांवर आमचे घर चालले. पुढे फ्लेक्सचे फलक आले आणि दोन-तीन वर्षांत हे सगळे काम थांबले. आमच्या गल्लीत त्यांना अजूनही 'पेंटर' म्हणूनच हाक मारतात. आमचे खरे आडनाव निम्म्या गल्लीला ठाऊक नाही आणि शाळेत माझी ओळख कायम 'पेंटरांची मुलगी' अशीच होती. सरांचा प्रश्न डोक्यात घेऊन मी विद्यापीठाच्या सागरमाळावरून घरी आले, तेव्हा दारात कोणीतरी "पेंटर आहेत का?" असे विचारत उभे होते. त्या एका शब्दापाशी मी थांबले.

कोल्हापुरात 'पेंटर' म्हटले की पहिले नाव येते ते कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे. त्यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म १८९० सालचा आणि मृत्यू १९५४ सालचा. चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे स्थान सर्वांना माहीत आहे, पण कॅमेऱ्याकडे वळण्यापूर्वी ते आणि त्यांचे नात्यातले थोरले बंधू आनंदराव हे दोघे संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यासाठी प्रसिद्ध होते. जंगल, राजवाडा, रस्ता, उपवन असे मोठमोठे देखावे कापडावर उतरवणाऱ्या या दोघांनी कोणत्याही कलाशाळेत रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. हात तयार झाला तो कारागिराच्या घरात. 'मेस्त्री' हे आडनाव त्या घराचा पिढीजात धंदा सांगते. ते मागे पडते आणि त्याच्या जागी एक इंग्रजी शब्द आडनाव म्हणून येऊन बसतो, तो इतका पक्का की पुढच्या पिढ्यांना मूळ आडनाव मुद्दाम सांगावे लागते. हे केव्हा घडले? कोणी आधी म्हटले? नाव बदलले तेव्हा मोबदला बदलला का, नाटकाच्या जाहिरातीत जागा मिळू लागली का?

यातून माझा प्रश्न हळूहळू आकाराला आला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्याची नोंद कारागीर म्हणून होत असे की कलावंत म्हणून, आणि ही नोंद केव्हा व कशामुळे बदलत गेली, हे मला शोधायचे होते. दुसऱ्या खेपेला सरांनी कागद वाचला, लाल पेन उचलले नाही, फक्त कालखंडाभोवती एक वर्तुळ काढून "हा अर्ध्यावर आणा" एवढेच म्हणाले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत नाटकाचा जो प्रवाह सुरू केला, तेथपासून कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली त्या १९२९ पर्यंतची जवळजवळ पन्नास वर्षे मी घेतली होती. शेवटी राजर्षी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला ते १८९४ आणि त्यांचे निधन झाले ते १९२२, एवढाच काळ ठरला. गायक नट केशवराव भोसले यांची ललितकलादर्श नाटक मंडळी १९०८ मधली, कोल्हापूरचे पॅलेस थिएटर १९१५ मधले, आनंदरावांचा मृत्यू १९१६ मधला आणि बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर लगेचची. म्हणजे मला लागणारे जवळजवळ सगळे या २८ वर्षांत येते. शिवाय संस्थानची कागदपत्रे राजवटीनुसार पाहता येतात, ही सोय नवख्या संशोधकाला फार मोठी असते.

नियमांचा भाग थोडक्यात सांगते, कारण त्याची माहिती सहज मिळते. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत झाल्यावर नोंदणी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. प्रबंध लिहून झाल्यावर तो मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक तपासतात आणि अखेरीस खुली मौखिक परीक्षा होते. अर्धवेळ संशोधकाला आपल्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. यातला अभ्यासक्रम म्हणजे उगाच लावलेले ओझे, अशी पुष्कळांची समजूत असते. माझा अनुभव उलटा आहे. प्राथमिक साधन कोणते, दुय्यम कोणते, दोन साधने एकमेकांना खोडून काढू लागली तर काय करायचे, हे मी पदव्युत्तर परीक्षेसाठी पाठ केले होते, पण प्रत्यक्ष वापरायला शिकले ते त्या सहा महिन्यांत.

खरी परीक्षा पुढे होती, ती मोडीची. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्याचे दप्तर आज शासनाच्या कोल्हापूर पुरालेखागारात आहे आणि त्यातला फार मोठा भाग मोडी लिपीत आहे. लहानपणी मी आजोबांच्या पेटीत मोडीतले खत पाहिले होते, पण घरात ते कोणालाच वाचता येत नव्हते. मोडीच्या वर्गात मुळाक्षरे आठवड्याभरात बसली, बाराखडीलाही फार वेळ लागला नाही, आणि मला वाटले की जमले. पहिला अस्सल कागद समोर आला तेव्हा त्यातले एकही वाक्य लागेना. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे सलग लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे कारकुनागणिक वेगळी असतात. ज्याला मजकूर काय असणार हे आधीच ठाऊक आहे, त्यालाच तो चटकन वाचता येतो. म्हणून लिपी शिकण्याबरोबर त्या दप्तराची भाषाही शिकावी लागते. अर्जाची सुरुवात कशी होते, हुकमाचा शेवट कसा होतो, जमाखर्चात रुपये, आणे आणि पै कोणत्या खुणांनी मांडतात, शकाच्या आकड्यात ७८ किंवा ७९ आणि फसली या महसुली सालाच्या आकड्यात ५९० किंवा ५९१ मिळवून इसवी सन कसा काढायचा, या गोष्टी सवयीने अंगात मुरेपर्यंत मी जवळजवळ वर्षभर रोज रात्री एक पान वाचत होते.

कोणाच्याही मदतीशिवाय मी जी पहिली ओळ वाचली, ती दिव्याच्या तेलाच्या खर्चाची होती. माझ्या प्रश्नाशी तिचा काडीमात्र संबंध नव्हता. तरीही ती ओळ वहीत उतरवताना माझा हात थरथरत होता, कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका कारकुनाने लिहिलेले वाक्य मला थेट, मध्ये कोणीही न येता, कळले होते. माझ्या विद्यार्थिनी जेव्हा विचारतात की कला शाखेच्या संशोधनात शोध लागतो म्हणजे काय होते, तेव्हा मला त्या तेलाच्या खर्चाची आठवण होते. आकड्यांची बेरीज जुळली तेव्हा मला समजले की मी बरोबर वाचले आहे. आमच्या कामात पडताळा असा मिळतो.

माझ्या कामाची सगळ्यात मोठी अडचण अशी की ज्यांच्याविषयी प्रबंध लिहायचा ते पडदेच आज पाहायला मिळत नाहीत. चित्रकाराची चित्रे असतात, शिल्पकाराच्या मूर्ती असतात, लेखकाचे ग्रंथ असतात. माझ्या हाताशी होत्या त्या 'केसरी'सारख्या वृत्तपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती, 'मनोरंजन'सारख्या मासिकांतले लेख, नटांच्या आणि प्रेक्षकांच्या आठवणी, आणि काही छायाचित्रे, ज्यांत मागचा पडदा धूसर आणि पुढचा नट स्पष्ट दिसतो. जुने अंक पाहण्यासाठी मी करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात किती दिवस घालवले याची मोजदाद नाही. दुसऱ्या एका शहरातल्या ग्रंथालयात मात्र एकाच वर्षाच्या अंकांसाठी मला तीन खेपा घालाव्या लागल्या आणि तिन्ही वेळा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ रजेवर होते. नोकरी करणाऱ्या संशोधकाच्या तीन किरकोळ रजा अशा जातात, आणि त्या परत मिळत नाहीत.

पडदे का उरले नाहीत, हे मला एका रविवारी वडिलांनी दाखवले. त्यांनी आयुष्यभर तैलरंगांत काम केले असले तरी त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांचे गुरू मेळ्यांसाठी कापडी देखावे रंगवत असत, आणि ती पद्धत त्यांना आठवत होती. त्यांनी मांजरपाटाचा एक तुकडा चौकटीवर ताणून बांधला. सरस रात्रभर भिजत घातला होता तो सकाळी गरम पाण्यात भांडे ठेवून पातळ केला, त्यात खडूची पूड मिसळली आणि कापडाला अस्तराचे दोन हात दिले. मग गेरू, पिवडी, नीळ, काजळी असे कोरडे रंग सरसाच्याच पाण्यात कालवून एक झाड काढले. ओला असताना तो रंग गडद दिसत होता आणि वाळल्यावर इतका फिका पडला की मी चकित झाले. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "वाळल्यावर कसा दिसंल हे ओल्यात कळायला पाहिजे. ते नाही कळलं तर तो पेंटर नव्हं." त्यानंतर त्यांनी ओल्या फडक्याने त्या झाडाची एक फांदी पुसली. ती सहज पुसली गेली.

सरसात कालवलेला रंग पाण्याने सुटतो. असा पडदा बांबूला गुंडाळून बैलगाडीतून आणि रेल्वेतून गावोगाव नेला, पावसाळ्याच्या दमट हवेत ठेवला, त्यातल्या सरसाच्या वासाने उंदीर आले, तर तो किती वर्षे टिकणार? शिवाय आबांच्या मते कापड महाग असल्यामुळे जुना देखावा धुऊन त्याच कापडावर नवा रंगवणे कोणत्याही व्यवहारी मालकाला सुचले असते. मी हे सगळे मोठ्या उत्साहाने सरांना सांगितले. त्यांनी ते मन लावून ऐकले, आबांना नमस्कार सांगितला, आणि मग म्हणाले की तुमच्या वडिलांनी जे केले त्यावरून ही पद्धत शक्य होती एवढेच सिद्ध होते. मेस्त्री बंधूंनी तीच पद्धत वापरली हे सिद्ध होत नाही. ते प्रात्यक्षिक म्हणून परिशिष्टात जाईल, मुख्य प्रकरणात पुरावा म्हणून जाणार नाही. मला त्या दिवशी वाईट वाटले. आज वाटते की या तीन वर्षांत मी जे शिकले त्यात हा फरक सर्वात मोलाचा आहे. शक्यता, संभव आणि पुरावा या तीन पायऱ्या आपण बोलताना एकाच दमात चढून जातो. प्रबंध लिहिताना प्रत्येक पायरीवर थांबून, आपण नेमके कोणत्या पायरीवर उभे आहोत ते सांगावे लागते.

पुढचा प्रसंग लिहिणे मला अजूनही जड जाते. पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, हा माझ्या अभ्यासातला एकमेव असा पुरावा होता की ज्याच्या आत जाऊन उभे राहता येत होते. मूळ बांधणीनंतर त्यात वेळोवेळी दुरुस्त्या आणि बदल झाले होते, हे मला माहीत होते. म्हणूनच रंगमंचाची रुंदी, खोली, पडद्याची दांडी ज्या उंचीवर टांगली जाई ती जागा, हे सारे मोजून, त्यातले जुने किती आणि नवे किती हे एखाद्या जाणकाराकडून समजून घ्यायचे मी ठरवले होते. पडद्याचा आकार कळला तर कापड किती लागे हे कळेल, आणि कापड कळले तर खर्चाच्या नोंदी वाचताना काय शोधायचे हे कळेल, असा माझा हिशेब होता. परवानगीचा अर्जही तयार होता. उन्हाळ्यात बारावीच्या उत्तरपत्रिका आल्या, जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले, आणि हे काम दिवाळीच्या सुट्टीत करू असे मी स्वतःला सांगितले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. सकाळी मी खासबाग मैदानाच्या बाजूने गेले तेव्हा रंगमंच आणि छप्पर गेलेले होते, हवेत जळक्या लाकडाचा आणि पाण्याचा वास होता, आणि वयस्कर नट, वादक, पडद्यामागे राबणारी माणसे रस्त्यात उभी राहून रडत होती. आपल्या माणसाच्या दारात उभे राहावे तसे सगळे उभे होते. माझ्या पिशवीत मोजपट्टी होती. सवयीने ती तिथेच राहिलेली होती. त्या दिवशी मी कोणाशी काही बोलू शकले नाही. जे शहर या वास्तूला आपले म्हणते त्याचे जे नुकसान झाले त्यापुढे माझ्या प्रबंधाचे नुकसान काहीच नव्हते, पण माझ्या हातून राहिलेले काम राहूनच गेले, ही रुखरुख अजून जात नाही. माझ्या मागून संशोधनाला येणाऱ्या प्रत्येकीला मी एवढे आवर्जून सांगते की उभी वास्तू, जुना कागद आणि म्हातारे माणूस यांच्याकडे जायचे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका.

महिनाभराने सरांनीच पुढची वाट सुचवली. मापे गेली असली तरी त्या रंगमंचावर काम केलेली माणसे आहेत, त्यांच्याकडे जा, असे ते म्हणाले. नटांच्या आठवणी पुष्कळ छापल्या गेल्या आहेत. पडदे ओढणाऱ्यांच्या, दिवे लावणाऱ्यांच्या, कनाती आणि पेट्या वाहणाऱ्यांच्या आठवणी फारशा कोणी विचारल्याच नाहीत. मुलाखतींसाठी संमतीपत्र कसे घ्यायचे, प्रश्नात उत्तर दडलेले असू नये याची काळजी कशी घ्यायची, ध्वनिमुद्रण कसे जपायचे आणि शब्दशः उतरवून कसे काढायचे, हे सारे नव्याने शिकावे लागले. एका तासाचे बोलणे कागदावर उतरवायला मला पाच-सहा तास लागतात. आजवर नऊ जणांच्या मुलाखती झाल्या. त्यांच्या आठवणी साधारण १९६० च्या पुढच्या असल्यामुळे माझ्या कालखंडाशी त्यांचा थेट संबंध नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे लागणार आहे. तरीही हाताची पद्धत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते आणि या माणसांना ज्यांनी शिकवले त्यांचे शिकणे बरेच जुने होते, एवढे धरून चालायला जागा आहे.

लेखनाविषयीही थोडे सांगायला हवे. मराठीत प्रबंध लिहायचा निर्णय मी विचारपूर्वक घेतला, कारण माझी साधने मराठी आहेत आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या घरच्यांना ते वाचता आले पाहिजे. पण 'पर्स्पेक्टिव्ह'साठी 'यथार्थदर्शन' लिहायचे की नाही, 'ड्रॉप'साठी 'दर्शनी पडदा' पुरेसा आहे का, अशा प्रश्नांवर अनेक संध्याकाळी गेल्या. शेवटी मी असे ठरवले की पडदा रंगवणारा आणि ओढणारा माणूस जो शब्द वापरतो तो आधी, आणि ग्रंथांतला शब्द एकदाच, ओळख करून देण्यापुरता. दुसरी अडचण अगदी साधी होती. माझी पहिली दोन प्रकरणे मी श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत टंकलिखित केली होती. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या संगणक प्रणालीला तो मजकूर मराठी म्हणून ओळखताच येत नाही, त्यामुळे सगळे युनिकोडमध्ये आणून पुन्हा अक्षरन् अक्षर तपासावे लागले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असले तर आयोगाच्या नियमाप्रमाणे आक्षेप नसतो. तेवढ्यावर समाधान मानणारे भेटतात; मला ते पटत नाही. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत लिहून त्याचे नाव न देणे कोणतीही प्रणाली पकडत नाही, पण ती चोरीच असते.

पैशांचे आणि वेळेचेही सांगते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्या पूर्णवेळ संशोधकाला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात, शिवाय आपल्या राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. ज्या मुलींना शक्य आहे त्यांनी त्यासाठी जरूर प्रयत्न करावा आणि पूर्णवेळ काम करावे. नोकरी करून पीएच.डी. करणाऱ्यांना यातले काही मिळत नाही. छायाप्रती, प्रवास, मुलाखती, टंकलेखन हा सारा खर्च पगारातून होतो. माझ्या घरी सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला, म्हणून माझ्या वाट्याला पहाटेचे दोन तास आले. त्यांनी स्वतः सातवीनंतर शाळा सोडली होती. मोडीची वही घेऊन मी बसले की त्या रेडिओचा आवाज कमी करतात, आणि मी काय वाचते आहे ते संध्याकाळी मला सांगायला लावतात.

अनेकांना ही पदवी बढतीसाठी किंवा नेमणुकीसाठी हवी असते आणि त्यात कमीपणा काही नाही; शिक्षकाचे आयुष्य या गोष्टींवर अवलंबून असते. पण केवळ तेवढ्यासाठी घेतलेला विषय तिसऱ्या वर्षी मनावर धोंड्यासारखा बसतो, असे मी माझ्या आसपास पाहिले आहे. ज्या विषयातला एक तरी प्रश्न आपल्याला रात्री जागे ठेवतो तो विषय घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत नोंदणीची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मार्गदर्शक निवडतानाही त्यांची पुस्तके किती आहेत यापेक्षा ते आपला कागद वाचतात का, हे पाहावे.

सध्या चौथे प्रकरण हातात आहे आणि ते एका आकड्यापाशी अडले आहे. ऐंशीच्या घरातले एक काका तरुणपणी नाटकांचे पडदे ओढण्याचे काम करत असत. पडदा किती उंच जायचा, असे मी त्यांना विचारले तेव्हा फुटांत किंवा हातांत त्यांना सांगता येईना. मग ते खुर्चीवरून उठले, डोळे मिटले, आणि दोन्ही हात वर करून जणू दोर धरला आहे तसे खाली ओढू लागले. ओठांतल्या ओठांत ते मोजत होते. "अकरा ओढी," ते म्हणाले. "बारावी मारली की दांडी वर आपटायची आन् मालक आतनं वरडायचे." मी त्यांच्या एका ओढीची लांबी त्यांच्या परवानगीने मोजून घेतली आहे. आता येत्या रविवारी मला त्यांच्याबरोबर काम केलेल्या आणि इचलकरंजीजवळ राहणाऱ्या दुसऱ्या एका काकांकडे जायचे आहे. तेही पडदेच ओढत असत. त्यांना पहिल्यांचा आकडा आधी सांगायचा नाही, असे सरांनी मला दोनदा बजावले आहे, आणि या वेळी मोजपट्टीबरोबर एक दोरही मी पिशवीत घातला आहे.